निरगुडकरांचा संध्याकाळचा गाल

दिवेलागणीच्या सुमारास आमच्या दाराची बेल वाजते. दार उघडलं की समोर निरगुडकर उभे असतात आणि काही बोलायच्या आत उजवा गाल पुढे करतात. यात जिव्हाळ्याचा काही भाग नाही. त्यांच्या हातात कापसाचा बोळा असतो. तो मी त्यांच्या गालावरून आधी कानाकडून हनुवटीकडे आणि मग हनुवटीकडून कानाकडे फिरवायचा. कापूस घसरला तर ते "ठीक" म्हणतात आणि समोरच्या आपल्या फ्लॅटमध्ये परत जातात. कापसाचा धागा कुठे अडकला तर मी जागा दाखवायची. मग ते त्या जागेवर बोट ठेवतात, बोट न उचलता घरी जातात आणि पुन्हा दाढी करतात.

हे सुरू झालं तेव्हा हडपसरच्या आमच्या इमारतीत त्याबद्दल तीन मतं होती. पहिलं, निरगुडकरांना या वयात संध्याकाळी कुणीतरी भेटतं. दुसरं, ते कसल्याशा जाहिरातीत काम करतात. तिसरं मत माझ्या बायकोचं होतं. "निवृत्त माणूस आहे. काहीतरी तपासायला लागतंच त्यांना."

तिसऱ्या मताला आधार होता. निरगुडकर वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी ते मंडईत शिरले की जुने गाळेवाले तराजूत आणखी एक बटाटा टाकतात. "अंदाजे" हा शब्द त्यांना चालत नाही. कुणी अंदाजे म्हटलं, की ते विचारतात, "अंदाजे म्हणजे किती?" रिक्षावाल्याला विचारतात, डॉक्टरला विचारतात. तळमजल्यावरचे एक गृहस्थ वारले, तेव्हा भेटायला आलेल्या नातेवाइकानं "शेवटी थोडा त्रास झाला" असं सांगितलं. निरगुडकरांनी हात जोडलेल्या अवस्थेतच विचारलं, "थोडा म्हणजे किती?"

ते खोटंही बोलत नाहीत. यात तत्त्वाचा भाग कमी आणि सवयीचा जास्त असावा. सोसायटीच्या सभेला न आलेल्या माणसाची हजेरी लावायची होती, तर ते म्हणाले, "नाही त्या वजनावर मी शिक्का मारत नाही." तो माणूस त्यांचा मुलगा होता.

असा माणूस दिवसातून तीनदा दाढी करू लागला. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा आणि दिवे लागायच्या आधी एकदा. हनुवटीवर, गळ्यावर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून ते जिना चढउतार करायचे. एकदा त्यांच्या गळ्यावरच्या कपट्यावर "निविदा मागवण्यात येत आहेत" एवढं स्पष्ट वाचता येत होतं.

"इलेक्ट्रिक घ्या ना एखादं," मी सुचवलं.

"घेतलं होतं. त्याचा आवाज झाला की शैला मिक्सर बंद करायला धावते."

शैलाताई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांचं विसरणं वाढत चाललंय हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. पण त्याचा दाढीशी काय संबंध, हे मला कळलं नाही. निरगुडकरांनी सांगितलंही नाही. त्यांना एकच गोष्ट हवी होती. दिवे लागतील तेव्हा गालावर एकही खुंट दिसता कामा नये.

एका सकाळी त्यांनी मला मंडईत बरोबर यायला सांगितलं. "पंच म्हणून चला," ते म्हणाले. धाड घालताना पंच लागतो. ही धाड कुठे होती, ते बसमध्ये बसल्यावर कळलं. मंडईमागच्या गल्लीत इस्माईलभाई म्हणून एक जण लेथवर, हातानं, रेझर बनवतात. घराण्याचं काम पितळी नळांचं. रेझर हा अलीकडचा धंदा. आयटीतली मुलं मोबाइलवर बघून मागवतात.

इस्माईलभाईंना छातीपर्यंत दाढी होती. निरगुडकर तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"तुम्ही स्वतः वापरता का हे?"

"साहेब, बांगड्या विकणारा बांगड्या घालतो का?"

"मग चाचणी कुठे घेता?"

इस्माईलभाईंनी बाह्या वर केल्या. डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत होता. उजव्यावर भरपूर केस होते.

"हात म्हणजे गाल नव्हे," निरगुडकर म्हणाले.

"गाल गिऱ्हाइकानं आणायचा असतो. तुम्ही आणलाय, बरं झालं. बसा."

रेझर तीन तुकड्यांचा असतो: दांडा, खालची पट्टी आणि वरची टोपी. पातं पट्टी आणि टोपीच्या मध्ये बसतं. पात्याची धार आणि पट्टीची कड यांच्यात जी बारीक फट राहते, तिच्यावर सगळं अवलंबून. फट वाढवली की दाढी जवळून, म्हणजे अगदी कातडीलगत, होते. फार वाढवली की गालसुद्धा जवळून होतो.

"नरम देऊ की गरम?" इस्माईलभाईंनी विचारलं.

निरगुडकर माझ्याकडे वळले. "म्हणजे मवाळ की जहाल." मग इस्माईलभाईंना म्हणाले, "जहाल."

"वय काय साहेब?"

"शहात्तर पूर्ण."

"रक्त पातळ करायची गोळी घेता?"

"घेतो."

"मग नरम."

"मला जवळून हवी आहे."

"जवळून म्हणजे किती?"

हा प्रश्न निरगुडकरांना बहुधा पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. त्यांनी गालावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "रात्रीच्या जेवणापर्यंत."

प्रश्न फुटपट्टीचा होता, उत्तर घड्याळाचं आलं. इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. पंच म्हणून मी मान डोलावली. निरगुडकरांनी जहाल पट्टी घेतली.

पुढचे काही दिवस कपट्यांची संख्या वाढली. आमच्याकडची रविवारची पुरवणी ते मागून नेऊ लागले. तिचा कागद रक्त चांगला टिपतो म्हणाले. कापूस घसरत होता, पण कुठे कुठे लाल होऊन परत येत होता.

याच सुमाराला त्यांच्या पात्यांचं पार्सल चुकून आमच्याकडे आलं. ते द्यायला मी संध्याकाळी समोर गेलो. त्या दिवशी फिरायला गेलेल्या निरगुडकरांना पाऊस लागला होता आणि घरी यायला उशीर होऊन तिसरी दाढी राहिली होती, हे नंतर कळलं. दार शैलाताईंनी उघडलं. अंगात गाऊन होता आणि गाऊनवर एक मोठा टॉवेल पदरासारखा दोन्ही खांद्यांवरून घेतलेला होता.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "मामंजी बसलेत बाहेर."

निरगुडकरांचे वडील हयात असते तर शंभरीच्या बरेच पुढे असते. असा माणूस या घरात राहतो हे आजवर कळू नये याचं मला आश्चर्य वाटलं. मी आत डोकावलो. हॉलमध्ये एकटे निरगुडकर बसले होते. पाठ ताठ, दुपारनंतरचे पांढरे खुंट गालावर, नजर माझ्याकडे.

"हे यायचेत अजून ऑफिसातून," शैलाताई कुजबुजल्या. "आले की सांगते त्यांना, तुम्ही येऊन गेलात म्हणून."

"कोण आले की?"

"हे."

हॉलमधल्या निरगुडकरांनी मला बाहेर थांबायची खूण केली.

जिन्यात उभं राहून त्यांनी मला सगळं सांगितलं. तपासणीचा अहवाल वाचून दाखवावा तसं. "दिवसभर मी तिचा नवरा असतो. दिवे लागले की मी माझा बाप होतो. आधी वाटलं चष्म्यामुळे. चष्मा काढून पाहिला. शर्ट बदलला, खुर्ची बदलली, ट्यूबऐवजी पिवळा दिवा लावला. फरक नाही. दाढी केली आणि फरक पडला. वडील फक्त रविवारी दाढी करायचे. बाकी आठवडाभर हे असे खुंट. टकलाचं तिला काही नाही, सुरकुत्यांचं नाही. खुंट दिसले की मामंजी."

"बरं, होऊ देत की मामंजी," मी म्हणालो. "तासाभराचा प्रश्न."

"मामंजींसमोर ती कधी बसली नाही. ओट्यापाशी उभी राहते. गुडघे गेलेत तिचे. आणि हे घरी आल्याशिवाय जेवत नाही. हे म्हणजे मी. मी येणार कुठून? मी तर बसलोय इथे. जेवली नाही की गोळी देता येत नाही, गोळी नाही की रात्रभर झोप नाही."

"मग मामंजी म्हणूनच सांगा ना त्यांना, जेवून घे म्हणून."

निरगुडकरांनी माझ्याकडे बघितलं. बटाट्याऐवजी दगड सापडला की ते असंच बघत असणार.

"मी मामंजी नाही," ते म्हणाले. "मी तिला रोज खरं काय ते सांगतो. शैला, मी अरविंद. मी तुझा नवरा."

"मग?"

"सासरा सुनेला म्हणतोय, मी तुझा नवरा. काय करावं तिनं? परवा तिनं स्वयंपाकघराला आतून कडी लावून घेतली." त्यांनी दाराकडे पाहिलं. "बरोबरच केलं."

त्या संध्याकाळपासून मी कापूस जरा काळजीपूर्वक फिरवू लागलो.

सुधारणा निरगुडकरांनी स्वतःच शोधून काढली आणि ती त्यांच्या रीतीप्रमाणे तराजूवर. त्यांच्याकडे खात्यातल्या दिवसांतला एक चांगला काटा आहे. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. काट्याच्या पारड्यात साबणाचा फेस थापला होता. निरगुडकर त्या फेसावरून, गालावरून फिरवावा तसा, रेझर फिरवत होते.

"बघा," ते म्हणाले. "रेझरचं स्वतःचं वजन एवढं. आणि मी फिरवतो तेव्हा काटा जातो कुठे, बघा. मी हातानं दाबतोय!" त्यांचा आवाज चढला होता. "यासाठी मी लोकांना दंड केलाय. आयुष्यभर स्वतःच्याच गालाला काटा मारत आलो."

त्या रागातच ते मला घेऊन मंडईमागे गेले. रेझर इस्माईलभाईंसमोर ठेवला आणि म्हणाले, "जहाल परत घ्या. दोष माझा होता."

इस्माईलभाईंनी विचारलं, "साहेब, खरं सांगा. कुणासाठी चाललंय हे? आमच्या गल्लीत पैजा लागल्यात."

"पत्नीसाठी."

"बघा! मी पैज हरलो," इस्माईलभाई मला म्हणाले. मग त्यांनी आणखी काही विचारलं नाही. एक नवी पट्टी घेऊन कानशीनं घासायला बसले. दुकानातच लावून पाहिलेली मवाळ पट्टी गालावर थोडी कमी पडत होती, जहाल गळ्यावर रक्त काढत होती. म्हणून त्यांनी एका कडेची फट बारीक ठेवली आणि दुसऱ्या कडेची किंचित वाढवली. निरगुडकर दर वेळी फट मोजत होते. मेकॅनिककडे असतो तसा पत्र्याच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा त्यांनी खिशातून आणला होता.

"ही बाजू गळ्याला, ही गालाला," इस्माईलभाई म्हणाले. "विसरू नका."

"जहाल आणि मवाळ एका टोपीखाली," निरगुडकर म्हणाले. "पुण्यात हे टिकेल का, सांगता येत नाही."

पहिल्या दिवशी त्यांनी बाजू उलट्या धरल्या आणि रविवारची पुरवणी पुन्हा संपली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जहाल बाजूवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. मग जमलं. दुपारच्या चहानंतर एकच दाढी. आधी सुलट, मग फेस लावून उलट, आणि हाताचं वजन अजिबात न टाकता. संध्याकाळी कापूस काचेवरून जावा तसा घसरला. समोरचं दार उघडंच होतं. आतून शैलाताईंचा आवाज आला, "अहो, आज लवकर आलात?"

"हो," निरगुडकर म्हणाले. "काम लवकर झालं." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "काम म्हणजे दाढी. खोटं नाही ते."

थंडीचे सगळे महिने असे गेले. शैलाताई वेळेवर जेवत होत्या, झोपत होत्या. निरगुडकरांची कातडी भरून आली होती.

मग ते गुरुवारी दाढी करेनासे झाले.

पहिल्या गुरुवारी बेल वाजली नाही, तेव्हा मी विसरले असतील म्हणून सोडून दिलं. पुढच्या गुरुवारी ते जिन्यात भेटले, गालावर चांगले खुंट होते. इमारतीत पुन्हा मतं तयार झाली. गुरुवार म्हणजे दत्ताचा वार. निरगुडकर देवाधर्माला लागले यावर एकमत होत आलं होतं. मला ते पटेना. रेझर बिघडला असावा असं वाटलं. पण शुक्रवारी गाल पुन्हा गुळगुळीत होता.

"गुरुवारी काय असतं?" मी शेवटी विचारलं.

"मला ताप आला होता," ते म्हणाले. "आठवतं का? दोन दिवस दाढी केली नाही. उठवतच नव्हतं. संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली, टॉवेल घेऊन. म्हणाली, मामंजी, बरं वाटतंय का? मी अरविंद आहे, हे सांगायची ताकद नव्हती. म्हटलं, हो, बरं आहे, सूनबाई. वडिलांसारखंच म्हणालो. ते जरा नाकात बोलायचे. म्हटलं, अरविंदाला उशीर होईल, तू जेवून घे. तर जेवली! इतके दिवस हातापाया पडत होतो मी तिच्या."

"मग हे चांगलंच झालं की."

"ऐका पुढे. जेवून आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, मामंजी, एक विचारू? तुम्ही यांना सांगाल का? मला सायकल शिकायची आहे. इथे सगळ्या जणी चालवतात. मी विचारलं तर हे हसतील." निरगुडकर कठड्याला धरून उभे होते. "आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली. सायकलचं मला आज कळतंय. दुसऱ्या दिवशी दाढी केली आणि विचारलं, शैला, सायकल शिकायची होती का तुला? तर म्हणते, इश्श, काहीतरीच. कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्यानंतर त्यांनी एक दिवस मामंजींसाठी राखून ठेवला. त्यांचा हिशेब असा की रोज मामंजी झालो तर तिचा नवरा कायमचाच ऑफिसात राहील. म्हणून आठवड्यातून एकदा. गुरुवार का, याला काही कारण नव्हतं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी मला बोलावलं. "पंच म्हणून का?" मी विचारलं. "नाही," ते म्हणाले. "वडिलांचे मित्र म्हणून. बोलू नका. ते फार बोलायचे नाहीत."

मी वडिलांच्या मित्रासारखा बसलो. शैलाताई जेवून आल्या आणि टॉवेल सावरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"बस, सूनबाई," निरगुडकर नाकात म्हणाले. "परका नाही कुणी."

त्या स्टुलाच्या अगदी कडेवर बसल्या.

"अरविंदाला सांगितलंय मी सायकलचं. दिवाळीनंतर शिकवतो म्हणालाय."

"खरंच?" शैलाताईंनी तोंडावर हात ठेवला. "रागावले नाहीत ना?"

"तो काय रागावणार? गाढव आहे तो. बायकोला काय हवं-नको ते विचारायची अक्कल नाही."

"असं नका म्हणू, मामंजी." त्यांचा आवाज एकदम बदलला, सासऱ्यासमोरचा राहिला नाही. "ते मनानं फार चांगले आहेत. बोलत नाहीत इतकंच. मला विषमज्वर झाला होता ना, तेव्हा वीज गेली होती. रात्रभर उशाशी बसून पेपरच्या घडीनं वारा घालत होते. माझ्याशी काही काही बोलत होते. त्यांना वाटलं मी झोपलेय." त्या थोड्या पुढे वाकल्या. "मी जागी होते. सगळं ऐकलं. पण ते त्यांना सांगू नका हं. लाजतील."

निरगुडकरांनी खुर्चीचे हात दोन्ही हातांनी घट्ट धरले. मी वडिलांच्या मित्रासारखा खाली बघत राहिलो.

"नाही सांगणार," ते म्हणाले. हे ते नाकात म्हणाले नाहीत. तो त्यांचा स्वतःचा आवाज होता.

शैलाताईंनी चटकन मान वळवून बाहेरच्या दाराकडे पाहिलं.

"आले वाटतं हे," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून दार उघडायला उठल्या.